गडमुडशिंगीचं नाइट लँडिंग

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात अकरा म्हशी पारखून दावणीला बांधल्या. त्यातली एकही फसवी निघाली नाही. त्यामुळं मी गाडी घेतली तेव्हा ती पारखायचा मान त्यांचाच होता. गडमुडशिंगीतल्या आमच्या दारात गाडी आली, बायकोनं ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मग आबा पुढं झाले. जनावरांच्या बाजारात फिरतात तसे गाडीभोवती फिरले. मागनं बघितलं, बगलेनं बघितलं, पाठीवर दोन थापा मारल्या, दार उघडून-लावून आवाज ऐकला. शेवटी तोंडापुढं आले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि बंपरच्या खालच्या कोपऱ्यात बोट घालून म्हणाले, "ह्ये काय रं? हितं बुचं का मारल्यात?"

तोवर मला ती बुचं दिसली नव्हती. त्यानंतर दीड वर्ष मला गाडीत दुसरं काही दिसलंच नाही.

शोरूममधल्या पोराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, तिथं फॉग लाइट असतात. पण ते टॉप मॉडेलला. तुमचं मिड आहे." मिड हा शब्द त्यानं असा उच्चारला, की माझा पगार, माझं वय आणि दहावीचे मार्क सगळे त्यात बसले. टॉपला 70,000 रुपये जास्त पडत होते. त्यात फॉग लाइट, मागच्या काचेला वायपर आणि स्टिअरिंगला लेदर. मला लेदरचं काही वाटलं नाही. चप्पल सोडून दुसऱ्या कशाला चामडं लावलं, तर आमच्या कोल्हापुरात कौतुक होत नाही. पण ती दोन बुचं!

कंपनीची अडचण मला समजते. बंपरचा साचा एकच, त्यातनं सगळ्या मॉडेलांचे बंपर काढायचे, वरच्याला दिवा बसवायचा, खालच्याला काळं प्लास्टिकचं झाकण. पण त्यामुळं होतं असं, की दिवा नाही एवढ्यावर भागत नाही, दिव्याची जागा मात्र राखून ठेवलेली असते. पंगतीत तुमच्या पानापुढं तांबड्या रश्श्याची वाटी ठेवावी, आणि ती पालथी ठेवावी, तसं. शेजारच्या तात्यांनी गाडी बघितली आणि एवढंच विचारलं, "मोतीबिंदूचं आपरेशन कवा?"

आता खरं सांगायचं, तर गडमुडशिंगीत फॉग लाइटची गरज काय? आमच्या गावाच्या एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. गावातच गोकुळचा पशुखाद्य कारखाना, त्यामुळं वारा फिरला की भुशापेंडीचा असा वास येतो, की रवंथ करावासा वाटतो. मधे ऊस. डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्या उसावर धुकं उतरतं हे खरं. पण ते साखर कारखान्याच्या ऊसतोड टोळ्यांना आणि दूध घालायला निघालेल्या बायकांना दिसतं. मी हायस्कूलचा मास्तर. माझी शाळा साडेदहाला भरते आणि घरापासून चार किलोमीटरवर आहे. त्या वेळेला माझ्या वाटेवर धुकं येण्यापेक्षा हत्ती येण्याची शक्यता जास्त.

म्हणजे गरज नव्हती. ती शोधावी लागली, आणि ती सासरवाडीत सापडली. माझी सासरवाडी गगनबावड्याला. जिल्ह्यातला सगळ्यात पावसाळी तालुका, पुढं करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरणारे. पावसाळ्यात तिथं ढगच रस्त्यावर येऊन बसतात.

"तुझ्या माहेरासाठीच म्हणतोय," मी बायकोला म्हणालो. "धुक्यात जायचं म्हणजे पोराबाळांच्या जिवाचा प्रश्न असतो."

"चौदा वर्षं जातोय की आपण," बायको म्हणाली. "एस्टीनं गेलो, मोटरसायकलवर गेलो. तवा नव्हता व्हय जीव?"

याला शास्त्रीय उत्तर द्यायला हवं होतं. मी सातवीला प्रकाशाचं विकिरण शिकवतो. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून आकाश निळं, लाल कमी विखुरतो म्हणून धोक्याचा दिवा लाल, हे मी गेली कैक वर्षं झोपेतही सांगतो. त्या आठवड्यात धड्याला धरून मुद्दाम फॉग लाइटचं उदाहरण दिलं. "धुक्यात पिवळा दिवा लावतात, कारण पिवळा धुकं कापतो," असं ठोकून दिलं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, लाल सगळ्यात कमी इस्कटतो म्हणालाय. मग फॉग लाइट लाल का नसतोय?"

मी म्हणालो, "छान प्रश्न. उद्या सांगतो." मास्तरकीत या वाक्यावर पेन्शनपर्यंत जाता येतं.

पण रात्री खरंच शोधलं, आणि माझंच बुच उडालं. निळा जास्त, लाल कमी हा हिशेब चालतो तो प्रकाशाच्या लहरीहून फार बारीक कणांसाठी. प्रकाशाची लहर साधारण अर्ध्या मायक्रॉनची. धुक्याचा थेंब दहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे लहरीच्या वीसपट. एवढ्या मोठ्या थेंबापुढं निळा काय, पिवळा काय, लाल काय, सगळे सारखेच. तो सगळ्यांना सारखंच उधळून लावतो. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं, ढग पांढरा दिसतो, आणि दूध पांढरं दिसतं, कारण दुधातले स्निग्धाचे बहुतेक थेंबही लहरीहून मोठेच. पिवळा दिवा धुकं कापत नाही. फार तर त्यात निळा भाग नसल्यानं डोळ्यावर थोडा कमी येतो. फ्रान्समध्ये 1930 च्या दशकापासून पार 1993 पर्यंत गाड्यांचे हेडलाइटसुद्धा पिवळेच असायचे. अख्ख्या देशाची समजूत आणि माझी समजूत सारखी निघाली, एवढाच काय तो आधार. आणि लाल दिवा पुढं लावत नाहीत, कारण समोरच्याला वाटेल आपण त्याच्या पुढं चाललोय, आणि तो मागनं येईल. म्हणजे समोरनं.

मग फॉग लाइटमध्ये आहे काय? तर जागा. हेडलाइट वर असतो, आपल्या डोळ्यांच्या रेषेच्या जवळ. धुक्यात अप्पर मारला, की थेंबांवर आपटलेला उजेड सरळ आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि पुढं चुन्याची भिंत उभी राहते. फॉग लाइट जमिनीलगत असतो. युरोपच्या नियमात तर त्याची उंची बांधून दिलीय, जमिनीपासून 250 ते 800 मिलिमीटर. उजेड पसरट, आडवा, आणि वरनं सुरीनं कापल्यासारखा. त्यामुळं तो वरच्या धुक्याच्या नादाला लागत नाही. बुटांपुढची वाट आणि कडेची पट्टी तेवढी दाखवतो.

हे बायकोला पटवायला मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली. तळाला पोराचा खेळातला ट्रॅक्टर ठेवला, पाणी ओतलं, वर दूध ओतलं. बॅटरी डोळ्याजवळ धरून उजेड टाकला. बरणीत नुसता पांढरा झगझगाट, ट्रॅक्टर गायब. मग बॅटरी खाली नेली, बरणीच्या बुडाशी आडवी धरली. ट्रॅक्टरची दोन चाकं आणि सायलेन्सर अंधूक उगवले.

"दिसला?"

"दिसला की ट्रॅक्टर," बायको म्हणाली. "आता अर्धा लिटर दूध कुठं दिसतंय ते बी दावा. पोरगं काय पिणार, फॉग लाइट?"

त्या संध्याकाळी चहा कोरा झाला. पण परवानगी मिळाली.

कोल्हापुरात गाडीला काही करायचं म्हणजे शिवाजी उद्यमनगर. ओतकाम, लेथ, वेल्डिंग, पत्रा, वायरिंग, तिथं जाऊन "हे मिळेल का?" विचारायचं नसतं, "हे कधी मिळेल?" विचारायचं. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा याच शहरात जोडून काढला. त्या काळी कॅमेरा जोडणाऱ्या गावाला दोन दिवे बसवणं म्हणजे खोकल्यावर खडीसाखर.

ॲक्सेसरीजच्या दुकानात पोरगा काउंटरवर दिवे मांडत गेला. पांढरा एलईडी, निळसर एलईडी, दोन रंगांत बदलणारा, सापाच्या डोळ्यासारखा, आणि एक टपावर लावायचा लांबलचक पट्टा, जो बघून समोरच्या गाडीवाल्याला आपल्या आयुष्याचा हिशेब द्यावासा वाटेल. मी 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम वाचून गेलो होतो. गाडीच्या मूळ रूपात मनाला येईल तसा फेरफार चालत नाही. म्हणून म्हणालो, "माझ्याच गाडीच्या टॉप मॉडेलला जो येतो तोच द्या. साधा. हॅलोजन. पिवळा बल्ब."

पोरानं माझ्याकडं दयेनं बघितलं. "सर शिक्षक आहात काय?"

"कसं ओळखलं?"

"न्हाई, सिलॅबसच्या बाहेर जाईनासा म्हणून."

किटचे 3,200 झाले. त्यात दोन दिवे, दोन जाळ्या, वायरिंग, रिले, फ्यूज आणि एक स्विच. बसवायला पलीकडचा वायरमन. वय पन्नाशीचं, कानाला टेस्टर, ओठात अर्धी सुपारी. त्यानं बंपरच्या क्लिपा काढल्या, बंपर पुढं ओढला आणि आत हात घालून डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसा थोडा वेळ चाचपडला.

"काय शोधताय?"

"कवा कवा कंपनी वायर देतीया आतपतूर. टॉपची आन् खालच्याची वायरिंग एकच. नुसता कपलर टेप मारून बांधलेला असतोय. घावला तर तुमचं काम कपलर टू कपलर." आणखी थोडं चाचपून त्यानं हात बाहेर काढला. "न्हाई. वायर सुदीक काढून घेतलीया. पक्की हाईत माणसं."

मग त्यानं सगळी वायर नव्यानं ओढली. मी शेजारी उकिडवा बसून शंका विचारत होतो. वर्गातल्या पोरांनी मला जेवढं छळलं नसेल तेवढं मी त्याला छळलं. रिले कशाला, हे विचारल्यावर त्यानं सुपारी दुसऱ्या गालात घेतली.

"पंचावन्नचा एक बल्ब. दोनाचं किती झालं?"

"110 वॉट. भागिले 12. नऊ अँपिअर."

"एवढा करंट त्या नखाएवढ्या स्विचमधनं सोडला तर स्विच जळणार. म्हणून मधी रिले. आता घरात बघा. सासू कायबी काम करती काय? नुसती खोकती. तिचा खोकला ऐकून आत सून उठती, स्टो पेटवती, च्या टाकती. खोकला म्हंजे स्विचचा करंट. च्या म्हंजे बॅटरीचा करंट. रिले म्हंजे सून."

चौतीस वर्षांच्या शिक्षणात मला विद्युतचुंबक इतका स्वच्छ कुणी शिकवला नव्हता. 30 नंबरच्या पिनेला बॅटरी, 87 ला लायटी, 85 आणि 86 मध्ये सासू. मी ते वहीत लिहून घेतलं.

डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला आणखी एक बुच होतं, ते मला तोवर दिसलंच नव्हतं. तिथं स्विच बसला. वायरमननं बंपर लावला, हात पुसले आणि दोन सूचना दिल्या. "रातीला भिंतीवर उजेड मारून बघा. पंचवीस फुटांवर उजेडाची वरची कड लायटीच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली पायजे. वर गेली तर समोरच्याच्या डोळ्यात जाईल, आन् मग त्यो तुमची आई काढील. दुसरं, इंजान बंद ठिवून लायटी लावून बसू नका. बॅटरी उतरंल."

पहिली सूचना मी त्याच रात्री पाळली. आमच्या अंगणात पंचवीस फूट सरळ भिंत म्हणजे समोर गोठ्याची. टेपनं अंतर मोजलं, खडूनं रेघ मारली, स्विच दाबला. कट्‌ असा सुनेचा आवाज आला आणि बंपरच्या दोन कोपऱ्यांतून हळदीच्या रंगाचा उजेड अंगणभर आडवा सांडला. तुळशीकट्ट्याचा पाया, कुंपणाची मुळं, कोंबड्यांच्या खुराड्याची कडी, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत सगळं दिसलं. गुडघ्याच्या वर काळोख. गोठ्याच्या दारात आमची चंद्री उभी होती. तिचे चार खूर सोन्यासारखे चमकत होते. वरची म्हैस नव्हती.

आबा घोंगडं पांघरून आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तीन हजार घालून म्हशीचं नुसतं पाय दिसायची लाईट आणलीस व्हय रं?"

तात्यांनी कुंपणावरनं मान काढली. आमच्या शेजारचा विमानतळ 1939 चा. त्याला रात्री विमान उतरवायचा परवाना मिळाला 2022 मध्ये, आणि आता धावपट्टी वाढवायला आमच्याच गावची जमीन गेली. त्यामुळं दिव्यांच्या बाबतीत गावाला एकच उपमा सुचते. तात्या म्हणाले, "काय मास्तर, नाइट लँडिंग सुरू?"

तेव्हापासून आमच्या गाडीचं नाव नाइट लँडिंग.

इथून माझा खरा त्रास सुरू झाला. औषध घरात आलं होतं, आता रोग पाहिजे होता. रोज सकाळी उठून मी उसाकडं बघायचो. ऊन स्वच्छ. वर्तमानपत्रात दिल्लीच्या धुक्याच्या बातम्या वाचायचो आणि त्या लोकांचं नशीब बघून जळायचो. हवामानखातं म्हणतं, एक किलोमीटरच्या आतलं दिसेनासं झालं की धुकं. मी घराच्या गच्चीवरनं कारखान्याची टाकी दिसते का बघायचो. रोज दिसायची. शेवटी मी तेच केलं जे फॉग लाइटवाले निम्मे लोक करतात: रात्री स्वच्छ रस्त्यावर लावून हिंडलो. समोरचे लोक डिपर मारायचे. मला वाटायचं ओळखीचे आहेत, मी हात करायचो. जर्मनीत मागचा फॉग लाइट पन्नास मीटरच्या आतलं दिसत नसेल तरच लावता येतो, असं मी नंतर वाचलं. आमच्याकडं तो नियम आला तर उचगावच्या पुलावर रोज मोजपट्ट्या घेऊन उभं राहावं लागेल.

जुलैत गगनबावड्याला निघालो. मी, बायको, पोरगं, आबा आणि मागं एक ओलं घोंगडं. फुलेवाडी, बालिंगा, कळे मागं पडलं आणि सर आली. काचा वर केल्या. थोड्या वेळानं पुढचं सगळं पांढरं व्हायला लागलं. झाडं विरघळली, रस्ता विरघळला. माझ्या छातीत धडधडायला लागलं. गाडीत सगळ्यांना म्हणालो, "बघा आता." आणि स्विच दाबला.

काही फरक पडला नाही. पांढरं ते पांढरंच.

"दाट आहे फार," मी म्हणालो.

बायकोनं पदराचं टोक गोळा केलं, पुढं वाकली आणि काच आतनं पुसली. झाडं परत आली, रस्ता परत आला, एक म्हातारा छत्री घेऊन चालला होता तोही दिसला. धुकं आमचंच होतं. चार माणसांचा श्वास आणि एक घोंगडं. "मी काय म्हणतो," बायको म्हणाली, "पुढच्या टायमाला तीन हजाराचं फडकं घेऊ या."

खरं धुकं त्याच दिवशी परतताना भेटलं. गगनबावडा सोडला आणि ढगच अंगावर आला. यावेळी काच दोनदा पुसून खात्री केली. आधी हेडलाइटचा अप्पर मारून बघितला; चुन्याची भिंत, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. मग डिपर, मग कट्‌. आणि दिसलं! फार काही नव्हे. बंपरपुढचं पंधरा-वीस पावलं डांबर, डावीकडं कडेची पांढरी पट्टी, पट्टीपलीकडं ओल्या गवताचे शेंडे. हळदीच्या उजेडात ती पट्टी पुढं पुढं उलगडत होती. बैलगाडीच्या चालीनं मी चाललो होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा 3,200 रुपये कुठं गेले हे समोर दिसत होतं.

तेवढ्यात मागनं हॉर्न वाजला. एस्टी. लाल डबा धडधडत आम्हाला ओलांडून पुढं गेला, तोही सरळ, बिनघोर, जणू दुपार आहे. त्याला ना फॉग लाइट ना काही; एक हेडलाइट तर मान टाकलेला. मी त्याच्या मागच्या दोन लाल दिव्यांना धरून चालू लागलो. माझ्या मागं आणखी चार गाड्या लागल्या. माझ्या पिवळ्या उजेडात आता डांबर नव्हतं. एस्टीचा चिखलानं माखलेला मागचा पत्रा तेवढा होता.

कळ्याला धुकं संपलं. एस्टी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला तसा मी गाठला. म्हणालो, "मामा, तुम्हाला एवढ्या धुक्यात दिसतं कसं?"

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "दिसतंय कुठं? पाठ हाय."

मास्तराला एवढं लागणारं वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नसेल. आबांनी ते गावात पोचेस्तोवर तीनदा म्हणून दाखवलं.

त्यानंतर मी दिव्यांचा नाद सोडला. स्विचवर धूळ बसली. जानेवारी आला, थंडी पडली, चंद्रीचे दिवस भरले. एका रात्री अडीचच्या सुमारास आबांनी दार वाजवलं. "ऊठ. म्हस बसलीया. आन् लाईट गेलीया."

गोठ्यात मिट्ट काळोख. बॅटरीचे सेल मेलेले, कारण पोरानं पुन्हा बरणीचा प्रयोग केला होता. मोबाइलचा उजेड धरला तर एक हात गुंततो, आणि इथं चार हात पाहिजे होते. मी धावत जाऊन गाडी सुरू केली, गोठ्याच्या दाराकडं तोंड केलं आणि हेडलाइट लावले. चंद्रीनं डोळे पांढरे केले, दावं ताणलं आणि उठायला धडपडली.

"बंद कर त्यो!" आबा ओरडले. "डोळ्यात चाललाय तिच्या! आन् इंजान बी बंद कर, बुजतीया!"

सगळं बंद केलं. काळोखात माझं बोट आपोआप त्या स्विचवर गेलं. कट्‌.

हळदीचा उजेड गोठ्याच्या जमिनीवर आडवा पसरला. दारापासून गव्हाणीपर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. चंद्री बसलेली होती, मान गव्हाणीच्या सावलीत, वर काळोख, डोळ्यांत काही नाही. आणि जिथं बघायचं होतं तिथं दिवस उजाडला होता. पसरलेलं पिंजार, आबांचे कोपरापर्यंत धुतलेले हात, कोमट पाण्याची बादली, हातांना लावायचं तेल. आबा एका शब्दानं बोलले नाहीत. चंद्रीनं कळ काढली की तेही श्वास रोखायचे. मी मागं उभा, काही न करता घामाघूम. आधी दोन खूर दिसले, मग त्यांच्यावर टेकलेलं नाक. आबांनी ते ओलं, निसरडं ओझं अंगावर घेतलं, नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, फुंकर घातली, पिंजारानं अंग चोळलं. रेडकू शिंकलं.

त्याच्या अंगातनं वाफ निघत होती. थंडीत गोठ्याच्या जमिनीपासून वीतभर वर, पिवळ्या उजेडात, पांढरी वाफ तरंगत राहिली. चंद्री मान वळवून त्या वाफेत जीभ घालून चाटत होती. दीड वर्ष मी ज्या धुक्याच्या मागं हिंडत होतो, ते आमच्याच गोठ्यात निघालं.

आबांनी शेपटी वर करून बघितलं. "रेडी हाय!" मग उजेडाकडं, बंपरकडं, माझ्याकडं बघितलं. "बुचं काढलीस ती बरं केलंस."

वार पडेपर्यंत, पिंजार बदलेपर्यंत, रेडीनं थरथरत पहिलं पाऊल टाकेपर्यंत दिवे चालूच होते. वायरमनची दुसरी सूचना मला आठवली तेव्हा दिवे केशरी होऊन, मग तपकिरी होऊन, कधीच विझून गेले होते.

सकाळी बायकोनं दार उघडलं आणि हाक मारली. "अहो, भाईर या. लौकर."

मी गेलो आणि उंबऱ्यात उभा राहिलो. अंगण नव्हतं. तुळस नव्हती, कुंपण नव्हतं, तात्यांचं घर नव्हतं. दूध घालायला निघालेल्या कुणाच्या तरी किटलीची कडी वाजत होती, माणूस दिसत नव्हतं. उभ्या हिवाळ्यात पडलं नाही असं दाट, दुधासारखं, बरणीतल्यासारखं धुकं गडमुडशिंगीवर उतरलं होतं. पन्नास मीटर कसले, पाच मीटरच्या आतलं दिसत नव्हतं. जर्मनीनं सलाम केला असता. आणि त्या दिवशी मला शाळेत सकाळी सातला परीक्षेच्या कामाला जायचं होतं!

मी गाडीत बसलो. स्विच दाबला. सून उठली नाही. चावी फिरवली. सासू नुसती खोकली, तीही एकदाच.

तात्या, त्यांची दोन पोरं, दूध घालून परतलेला एक अनोळखी माणूस आणि घोंगडं पांघरलेले आबा, अशा पाच जणांनी नाइट लँडिंगला धक्का दिला. पुढं काही दिसत नव्हतं, तरी ढकलत होते. वर, त्या पांढऱ्यात, उजळाईवाडीच्या बाजूला एका विमानाची घरघर घुमत होती. उतरेना, जाईना, घिरट्या घालत होतं.

आबांनी धक्का थांबवला, कान वर केला आणि थोडा वेळ ऐकत राहिले.

"त्याची बी बॅटरी उतरलीया काय रं?"